यंत्रमाग, डाइंग, विडी: कामातून जडलेला आजार आणि भरपाईचे वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात मागावर, सायझिंगमध्ये (सुताला खळ लावणं), डाइंगमध्ये (सूत रंगवणं) किंवा विड्या वळण्यात ज्यांची उमर गेली, त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे हे प्रश्न आहेत. हात मशिनीत सापडला तर भरपाई मागायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. छाती किंवा कान कामापायी गेले तर मात्र लोक "नशीब" म्हणून गप्प बसतात. कायदा त्या आजाराला नशीब मानत नाही.

वीस वर्षं मागावर काढली. आता जिना चढताना दम लागतो. अपघात तर झालाच नाही, मग भरपाई कशी मिळणार?

आजार हाच अपघात धरला जातो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या कलम ३ मध्ये तशी तरतूद आहे. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आजारांची आणि त्यांच्याशी जोडलेल्या कामांची यादी आहे. तुमचा आजार आणि तुमचं काम त्या यादीत एकमेकांसमोर बसत असेल, तर आजार कामातूनच झाला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. साध्या अपघाताच्या दाव्यात कामगाराला इतकी सोय मिळत नाही.

त्या यादीत आपल्याकडचे कोणते आजार येतात?

पहिला बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीमुळे होणारा छातीचा विकार. हा परिशिष्टाच्या 'क' भागात आहे, आणि त्यासाठी ठरावीक काळ ते काम केलेलं असावं लागतं. हा काळ एकाच मालकाकडे भरायला हवा असं नाही. कामाच्या ठिकाणच्या विशिष्ट पदार्थांमुळे जडलेला दमाही यादीत आहे.

'ब' भागात दोन आजार सोलापूरला लागू पडतात. आवाजामुळे आलेला बहिरेपणा हा एक. शेडमध्ये दहा-बारा माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्याशीही खुणेने बोलावं लागतं, हे इथे कोणाला सांगायला नको. दुसरा म्हणजे रसायनांमुळे होणारे त्वचेचे विकार, जे डाइंग आणि ब्लीचिंगवाल्यांच्या हातांवर दिसतात. 'ब' भागातल्या आजारासाठी त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असलं की पुरतं.

आजार यादीत नसला म्हणून दार बंद होत नाही. मात्र तेव्हा तो कामावर झालेल्या एखाद्या ठरावीक अपघाती इजेतून थेट आला हे पुराव्याने तुम्हाला दाखवावं लागतं, गृहीतकाचा आधार मिळत नाही. पाठदुखी, गुडघे आणि डोळ्यांच्या तक्रारी बहुतेक इथेच अडतात.

इएसआयकडे जायचं की मालकावर दावा करायचा?

पगारातून इएसआयची (राज्य कामगार विमा योजनेची) कपात होत असेल, किंवा कायद्याने व्हायला हवी होती, तर इएसआयकडे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे सगळे त्यात येतात. तिथे हक्क असला की त्याच आजारासाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. राज्य कामगार विमा कायदा १९४८ च्या कलम ५३ ने ती वाट बंद केली आहे. वकिलाने चुकीच्या ठिकाणी दावा घातला आणि तीन-चार वर्षांनी "इथे चालत नाही" असा निकाल आला, की माणूस पार खचतो. म्हणून पहिल्याच दिवशी हा प्रश्न निकालात काढा.

इएसआय लागू नसेल तर मालकावर दावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले गेले. आजारांची यादी, गृहीतक, दोन वर्षांची मुदत आणि हिशेबाची पद्धत ही मूळ चौकट तशीच आहे. कोणत्या कायद्याने हक्क मोजायचा हे आजाराची कायदेशीर तारीख कोणती यावर ठरतं. त्या तारखेबद्दल पुढे लिहिलं आहे. या पानावर जुन्या कायद्याची कलमं दिली आहेत, कारण आजारपणाची सुरुवात त्याच काळातली असलेले दावे अजून बरेच आहेत.

डॉक्टरने कागदावर "दमा" लिहिलं आहे. दुसऱ्याने टीबीची औषधं दिली. आता काय?

बहुतेक दावे इथेच बुडतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

बिसिनोसिसचा छातीचा फोटो बहुधा साफ येतो. फोटो साफ, थुंकीत जंतू नाहीत आणि खोकला जुना, म्हणून "दमा" किंवा "ब्राँकायटिस" लिहिलं जातं. काही वेळा संशयावरून टीबीचा कोर्सही होतो. या आजाराची खूण असते ती वेळेत. आठवड्याची सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत थोडं बरं वाटतं. आजार वाढत गेला की हा त्रास आठवडाभर राहू लागतो आणि शेवटी काम सोडल्यावरही जात नाही. डॉक्टरला हा क्रम सांगितला नाही तर त्याला तो कळायला दुसरी वाट नाही.

म्हणून छातीच्या डॉक्टरकडे जा आणि स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोराने फुंकायची ही तपासणी असते. अजून कामावर जात असाल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा करा. दोन्ही वेळच्या आकड्यांत पडलेला फरक फोटोपेक्षा जास्त बोलतो. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या केसपेपरला न्यायालयात वजन असतं.

केसपेपरवर तुमचं काम लिहून घ्या. "मजूर" एवढंच नको. "यंत्रमाग कामगार, सुती टॉवेल, २२ वर्षं" असं हवं. कांडी भरत असाल तर तसं, सायझिंगला असाल तर तसं. आमच्याकडे येणाऱ्या पिशव्यांत दहा-दहा वर्षांचे केसपेपर असतात आणि एकावरही धंदा लिहिलेला नसतो. मग मालकाचा वकील विचारतो, "इतकी वर्षं दवाखान्यात जात होता, तर धुळीचा त्रास एकदाही का सांगितला नाही?" माणसाने सांगितलेलं असतं, पण कोणी लिहिलेलं नसतं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे आई-वडील असतील तर तपासणीला बरोबर जा. खोकला कधी वाढतो आणि कधी कमी होतो हे आपल्या भाषेत सांगता आलं तरच नीट सांगितलं जातं.

बिसिनोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. कारखाना कायदा १९४८ च्या कलम ८९ प्रमाणे (हा कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला गेला) कारखान्याच्या व्यवस्थापकाने तर कळवायचंच, पण तपासणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं आहे. डॉक्टरला याची आदराने आठवण करून द्या.

कारखान्यात हजेरीपुस्तक नाही, पगारपत्रक नाही. हप्ता हातात मिळायचा. मी तिथे होतो हे कसं दाखवू?

दिवाणी खटल्यासारखा कडक पुरावा इथे लागत नाही, पण काहीतरी लागतंच. बँकेच्या पासबुकात बोनसची नोंद सापडते. उचल घेतलेली चिठ्ठी, पीएफचा नंबर, युनियनची वर्गणी पावती, मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी मालकाने दिलेलं पत्र, कारखान्यासमोर काढलेला दसऱ्याच्या पूजेचा फोटो, हे सगळं जपा. त्याच शेडमध्ये काम केलेले दोन साथीदार साक्षीला उभे राहिले तर फार मोठा आधार होतो. जे अजून तिथेच कामाला आहेत ते घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. काम सोडून गेलेल्यांना शोधा.

आयुक्तांपुढे (भरपाईचे दावे ऐकणारे अधिकारी) अर्ज देऊन मालकाला त्याची पुस्तकं हजर करायला लावता येतात. ठेवायलाच हवी होती ती पुस्तकं त्याने आणली नाहीत, तर न्यायालय त्याच्या विरुद्ध अनुमान काढू शकतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपायला सांगितलं. तो आदेश त्या उद्योगापुरता आहे. धुळीचे आजार किती उशिरा वर येतात हे मात्र न्यायालयाने त्यात ओळखलं होतं, आणि "काम सोडून इतकी वर्षं झाली" या आक्षेपाला उत्तर देताना तो निकाल उपयोगी पडतो.

मी एका जागी नव्हतो. आधी साखर पेठेत, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोन ठिकाणी. पैसे कोण देणार?

'क' भागातल्या आजारासाठी सगळे मालक मिळून देणार. कोणी किती, ते आयुक्त ठरवतात. सगळ्यांना पक्षकार करा. एकालाच केलं तर तो "आधीच्याकडे झाला" म्हणून हात झटकतो. आधीचा कारखाना बंद पडला असेल तरी त्याचं नाव आणि तिथला काळ अर्जात लिहा, कारण तो काळ तुमच्या सलग कामात धरला जातो.

मालक म्हणतो, "हा विडी ओढतो, म्हणून छाती गेली." बायकांना म्हणतात, "मिश्री लावते."

हा आक्षेप जवळपास प्रत्येक दाव्यात येतो. ओढत असाल तर लपवू नका, जुन्या केसपेपरवर ते लिहिलेलंच असतं. पण आजार यादीतला आणि काम यादीतलं असेल तर गृहीतक तुमच्या बाजूने आहे. "विडीनेही छाती बिघडते" एवढं बोलून मालकाचं भागत नाही. या माणसाचा हा आजार कामामुळे झालेला नाही, असं त्याला सिद्ध करावं लागतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळणं आणि पाळीआधी-पाळीनंतरच्या आकड्यांतला फरक इथे पुन्हा कामी येतो. विडी ओढण्याचा त्रास आठवड्याचा वार बघून येत नाही.

दुसरा आक्षेप असा असतो, की "धूळ सूतगिरणीत असते, विणकामात नसते." पिंजण आणि कार्डिंगला धूळ सर्वात जास्त असते हे खरं आहे. पण सुती धाग्याच्या मागाखाली, पंख्यांवर आणि छताला जी कापसाची धूळ साचते ती कुठून येते? शेडचे फोटो काढून ठेवा.

मुदत किती?

दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची, यावरच भांडण होतं. आजारामुळे काम करता न येऊन तुम्ही सलग गैरहजर राहू लागलात, त्या गैरहजेरीचा पहिला दिवस हा "अपघाताचा दिवस" धरतात. आजार आहे पण रेटून कामावर जाताय, अशा वेळी मालकाला आजाराची नोटीस दिल्याच्या दिवसापासून मोजतात. काम सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळल्याचा दिवस धरतात.

मुदत उलटली असेल तरी अर्ज करा. पुरेसं कारण दिसलं तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं दमा म्हटलं आणि खरं निदान नंतर झालं, हे कारण मांडण्यासारखं आहे. नोटीस साध्या मराठीत लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

इएसआयच्या वैद्यकीय बोर्डाने "व्यवसायजन्य नाही" म्हटलं. किंवा अक्षमता फक्त पाच टक्के धरली.

इएसआयमध्ये आजार व्यवसायजन्य आहे की नाही हे विशेष वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्या निर्णयावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कामगार विमा न्यायालयात जाता येतं. निर्णयाचं पत्र हाती आलं ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा आणि लगेच सल्ला घ्या.

बोर्डापुढे जाताना नुसता माणूस जातो, पिशवी घरी राहते. तसं करू नका. सगळे जुने कागद, स्पायरोमेट्रीचे आकडे आणि कामाचा इतिहास एका पानावर लिहून न्या. बोर्डापुढे बोलायला वेळ फार थोडा मिळतो. पुढे तब्येत आणखी बिघडली तर टक्केवारीचा फेरविचार मागता येतो.

इएसआय लागू होतं, पण मालकाने माझं नावच घातलं नाही.

हक्क जात नाही. मालकाने वर्गणी भरली नाही किंवा नोंदणी केली नाही, म्हणून कामगार विमाधारक नाही असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. इएसआय लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं. एकाच शेडमधले माग भाऊ, बायको, मुलगा यांच्या नावांवर वाटून "प्रत्येकाकडे दहापेक्षा कमी कामगार" असं दाखवलं असेल, तर पैसा, व्यवस्था आणि कामगार खरोखर वेगळे आहेत का हे तपासलं जातं. नुसत्या पाट्या वेगळ्या असून भागत नाही.

रक्कम किती मिळेल?

मालकावरच्या दाव्यात वय, पगार आणि कमाईची शक्ती किती गेली, या तीन गोष्टींवर हिशेब होतो. समजा वय ५०, पगार महिना १२,००० रुपये. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. कायद्यातल्या वयाच्या तक्त्यात पन्नाशीचा गुणक १५३.०९. गुणाकार ११,०२,२४८ रुपये. कमाईची शक्ती ३० टक्के गेली असं ठरलं तर त्यातले ३,३०,६७४ रुपये. पगार कितीही असला तरी जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून १५,००० पर्यंतच धरला जातो, त्याआधी ८,००० पर्यंत. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधांची बिलं टाकू नका.

ही टक्केवारी डॉक्टरच्या प्रमाणपत्राने ठरते आणि तिथेच मोठा वाद होतो. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुफ्फुस ३० टक्के गेलं, पण धुळीत पाऊल ठेवायचंच नाही असं डॉक्टरने सांगितलं, तर विणकराकडे राहतं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली डावा हात गमावलेल्या एका सुताराला १०० टक्के अक्षम मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डॉक्टरला "धुळीचं काम करण्यास अयोग्य" हे वाक्य लिहायला सांगा. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला यावं लागू शकतं, याची कल्पना त्याला आधी द्या.

रक्कम देणं लागू झाल्यावर महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड मालकाच्या खिशातून जातो, त्याच्या विमा कंपनीकडून नाही.

इएसआयमध्ये सहसा एकरकमी आकडा नसतो. तात्पुरत्या अक्षमतेत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात. कायमच्या अक्षमतेत टक्केवारीप्रमाणे हयातभर पैसे मिळतात. पन्नाशीच्या आतल्या माणसाला हे पुष्कळदा जास्त फायद्याचं ठरतं.

मी घरी विड्या वळते. कारखान्यात फक्त माल द्यायला जाते. मी कामगार आहे का?

आहात. विडी आणि सिगार कामगार कायदा १९६६ घरी वळणाऱ्या बाईलाही कामगारच मानत होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला गेला. घरी विड्या वळणाऱ्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं. तुमचं कार्ड, पीएफची चिठ्ठी, माल दिल्याची वही हा नात्याचा पुरावा आहे. कारखाना बदलला तरी जुनं कार्ड फेकू नका.

अडचण आजाराच्या बाजूला आहे. तंबाखूच्या धुळीचा खोकला यादीत नावाने नाही. त्वचेचा विकार किंवा दमा म्हणून तो बसवता येतो का, हे तपासणीवरच ठरतं. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा जुन्या विडी घरकुलात चार बायका एकत्र बसल्या की खोकल्याची गोष्ट निघतेच, तरी दावे फारसे होत नाहीत. यादीत तंबाखूची धूळ यायला हवी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

घरात माझेच चार माग आहेत, मजुरीने माल विणतो.

मग तुम्ही कायद्याने कर्मचारी नाही, आणि सूत देणाऱ्या व्यापाऱ्यावर हा दावा सहसा चालत नाही. तुमच्याकडे पगारावर असलेल्या माणसाला मात्र तुमच्यावर हक्क आहे.

मालक म्हणतो, "पन्नास हजार घे आणि कागदावर सही कर."

सही करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. कामगार स्त्री असेल तर एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तिच्या हातावर टेकवलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. आधी सही झाली असेल तरी घाबरून घरी बसू नका, दावा करता येतो.

दावा कुठे, खर्च किती, आणि मालक अपिलात गेला तर?

सोलापुरात कामगार न्यायालयात चौकशी करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

अपील उच्च न्यायालयात, ६० दिवसांत, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच. मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

वडील गेले. दावा त्यांनी केलाच नव्हता. आता आम्ही करू शकतो का?

करू शकता, मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत. पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक, आणि कमीत कमी १,२०,००० रुपये, असा हिशेब आहे. अंत्यविधीचा खर्च वेगळा. इएसआय असेल तर आईला वारस लाभातले तीन पंचमांश आणि प्रत्येक अवलंबून मुलाला दोन पंचमांश, अशा प्रमाणात दरमहा मिळतं. बेरीज पूर्ण दरापेक्षा जास्त झाली तर त्याच प्रमाणात कमी करतात.

मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं "हृदय व श्वसन बंद पडून" असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मूळ आजाराचं नाव कारणांमध्ये यावं, यासाठी शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरशी तेव्हाच बोला. कामामुळेच मृत्यू झाला असा संशय असेल तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. घरच्यांना ते जड जातं हे आम्ही समजू शकतो. पण फुफ्फुसाच्या आजारात त्या अहवालाइतका मजबूत पुरावा दुसरा मिळत नाही. दाव्यात आई, अवलंबून असलेली भावंडं, लग्न न झालेली बहीण, सगळ्यांची नावं पहिल्याच अर्जात घाला. मागाहून नाव घालायला गेलं की वाटणी अडते आणि आयुक्तांकडे जमा झालेली रक्कम तिथेच पडून राहते.